पिशवीवर नसलेली नावे

आज 1 जुलै, वसंतराव नाईकांची जयंती आणि म्हणून महाराष्ट्राचा कृषी दिन. जिल्हा परिषदेपासून पंचायत समितीपर्यंत प्रतिमेला हार पडतील, प्रगतिशील शेतकऱ्यांना शाल-श्रीफळ मिळेल, सत्कारमूर्ती फेटा सावरत फोटोला उभे राहतील. हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारच्या शिवारात मात्र या सुमारास वेगळाच निकाल लागत असतो. मृगाच्या पावसावर ज्यांनी सोयाबीन पेरले त्यांच्या रानात ओळी दिसू लागलेल्या असतात. ज्यांचे उगवले नाही ते दुबार पेरणीसाठी पिशव्या शोधत कृषी सेवा केंद्राच्या पायऱ्या पुन्हा चढतात. बियाण्याच्या क्षेत्रातल्या माणसांचा आणि कंपन्यांचा गौरव कशावरून करावा, हे ठरवायला याहून योग्य दिवस नाही.

जीवविज्ञानातले कर्तृत्व म्हटले की हल्ली पुण्या-मुंबईची नावे पुढे येतात. लस, औषधे, परदेशातली निर्यात. करोनानंतर ते साहजिकही आहे. पण याच विद्येची दुसरी शाखा बियाण्याची, आणि तिच्यातला जगातला सर्वोच्च समजला जाणारा मान ज्यांना मिळाला ते बद्रीनारायण बारवाले मूळचे हिंगोलीचे. दत्तक म्हणून ते जालन्याला गेले आणि तिथेच 1964 मध्ये त्यांनी महिको ही बियाणे कंपनी उभी केली. 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. नॉर्मन बोरलॉग यांच्या पुढाकाराने सुरू झालेला आणि पहिल्यांदा, 1987 मध्ये, एम. एस. स्वामीनाथन यांना दिला गेलेला हा पुरस्कार. पुढे 2001 मध्ये पद्मभूषण आले. तो अन्न पुरस्कार मिळाला तेव्हा हिंगोली हा जिल्हाही नव्हता, परभणीचा तालुका होता. जिल्हा झाला 1 मे 1999 रोजी. आज जिल्ह्याची थोरवी सांगताना आपण औंढ्याचे ज्योतिर्लिंग सांगतो, वसमतची हळद सांगतो, गुरुत्वलहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा येते आहे हे तर आवर्जून सांगतो. बारवाल्यांचे नाव त्या यादीत क्वचितच ऐकू येते.

त्यांचे काम नेमके काय होते, हे समजून घ्यायला 1960चे दशक आठवावे लागेल. अन्नधान्य बाहेरून येत होते, रेशनच्या दुकानात मिलोची लाल ज्वारी मिळत होती. आपल्या शेजारच्याच पुसद तालुक्यातल्या गहुलीत जन्मलेले वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या, असे त्यांनी 1965 मध्ये पुण्यात शनिवारवाड्यासमोर जाहीरपणे सांगितले होते. त्यांचा भरवसा होता संकरित ज्वारीवर. सीएसएच-1 हे संकरित ज्वारीचे पहिले वाण 1964चे, म्हणजे महिकोच्याच वयाचे. त्या ज्वारीची भाकरी कोणाला आवडली नाही, पावसात सापडली की कणसे काळी पडत, म्हाताऱ्यांनी तिला नावे ठेवली. पण पोती भरली.

संकरित बियाण्याची एक अट असते. दोन शुद्ध वाणांचा संकर पहिल्या पिढीत जोमाने येतो, पण त्याच पिकाचे दाणे पुढच्या साली पेरले की गुण फुटतात: एक ताट उंच, एक बुटके, कणसांना एकसारखेपणा नाही. म्हणजे बी दरवर्षी नवे हवे. आणि ते दरवर्षी कोणीतरी करायला हवे, दोन वाणांच्या ओळी लावून, आजूबाजूच्या पिकाचे परागकण येणार नाहीत एवढे अंतर राखून. सरकारी यंत्रणेला हे पेलेना. बारवाल्यांनी हे काम लहान शेतकऱ्यांकडे नेले. मूळ वाण कंपनीने द्यायचे, शेतकऱ्याने आपल्या रानात सीड प्लॉट घ्यायचा, तयार बी ठरल्या भावाने कंपनीने उचलायचे. जालन्याच्या परिसरात त्यातून बियाण्याचा एक मोठा व्यवसाय उभा राहिला, आणि शेजारच्या देऊळगाव राजाच्या बाजूला आज टोमॅटो-मिरचीच्या बियाण्यासाठी शेडनेट दिसतात त्यांची मुळेही तिथवर जातात. कणगीतले बी कसे आहे हे घरच्या म्हातारीला माहीत असे. पिशवीतले बी कसे आहे हे पिशवी विकणाऱ्यालाच माहीत. ही अनोळखी पिशवी शेतकऱ्याने विश्वासाने उचलावी, इतकी पत त्या काळात एका माणसाने कमावली. आमच्या मते त्यांचा खरा मोठेपणा इथे आहे, उलाढालीत नाही.

आता भेंडीची गोष्ट, कारण बारवाल्यांची सुरुवात तिथूनच झाली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'पुसा सावनी' हे वाण काढले होते. भेंडीची पाने शिरांपासून पिवळी पडणारा विषाणू रोग तेव्हा मोठा वैरी होता, आणि पुसा सावनी त्याला दाद देत नव्हती. त्या बियाण्यावर तरुण बारवाल्यांनी जम बसवला. पण कुठल्याही वाणाचे होते तेच झाले. काही वर्षांत रोगाने पुसा सावनीलाही गाठले. मग परभणीच्या कृषी विद्यापीठात, जवळा बाजारहून हट्ट्याच्या वाटेने तास-दीड तासावर, एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर या दोन शास्त्रज्ञांनी त्याच पुसा सावनीचा संकर भेंडीच्या एका रानटी जातीशी केला. असा संकर सहजी टिकत नाही, त्याची बहुतेक रोपे वांझ निघतात. पुन्हा पुन्हा पुसा सावनीशी जुळवत, प्रत्येक पिढीत रोगाला न बळी पडलेले झाड निवडत त्यांनी 'परभणी क्रांती' आणली आणि 1986 मध्ये तिचे वर्णन अमेरिकेतल्या उद्यानविद्येच्या नियतकालिकात छापून आले. पुढची कित्येक वर्षे देशभरच्या मंडईत या वाणाची भेंडी विकली गेली. परभणीचे नाव पिकाबरोबर गेले. जांभळे आणि नेरकरांचे किती लोकांनी ऐकले आहे?

वाण काढणारे शास्त्रज्ञ आपल्या वहीत प्रत्येक झाडाची वंशावळ लिहितात. मादी कोण, नर कोण, कुठल्या पिढीत काय निवडले. गौरवाच्या मानपत्राचेही असेच असावे, अशी आमची सूचना आहे. पिशवीवर कंपनीचे नाव असते आणि ते असायलाच हवे, कारण जबाबदारी तिची. पण मागे सरकारी पैशावर चालणारी प्रयोगशाळा असते, गावरान वाण जपलेले कोणाचे तरी परसदार असते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020च्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री जाहीर झाली तेव्हा हे परसदार व्यासपीठावर आले. 2001च्या वाण संरक्षण कायद्यानेही शेतकऱ्याचा घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि ब्रँड न लावता विकण्याचा हक्क मान्य केला आहे. वसमतच्या हळदीला तर आजही कंपनीची पिशवी नाही. जेठे गड्डे शेतकरीच निवडतो आणि पुढच्या साली तोच लावतो.

या वंशावळीत आणखी एक पिढी कधीच नोंदली जात नाही, ती सीड प्लॉटवरच्या बायांची. कपाशीच्या फुलात नर आणि मादी दोन्ही असतात, त्यामुळे संकरित कपाशीचे बी हाताने करावे लागते. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर नखाने अलगद काढायचे, आतल्या कुक्षीला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे फूल आणून तिच्यावर घासायचे. याला रानात सगळे 'क्रॉसिंग'च म्हणतात. दोन-दोन महिने, ओणव्याने, रोज शेकडो कळ्या. एक पुंकेसर राहिला तरी त्या बोंडातले बी भेसळीचे. म्हणजे पिशवीवर छापलेली शुद्धता या बायांच्या नखांवर ठरते. आंध्रात याच कामावर लहान मुली राबत असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आणि तो प्रश्न परदेशापर्यंत गाजला, तेव्हा कुठे कंपन्यांना करारात मुलांना कामावर न घेण्याच्या अटी घालाव्या लागल्या. कृषी दिनाच्या व्यासपीठावर क्रॉसिंग करणाऱ्या बाईचा सत्कार झाल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

गौरव करताना हिशेबाची दुसरी बाजू झाकायची, ही आपली जुनी खोड. महिकोचेच उदाहरण घ्यावे. मार्च 2002 मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा पहिली तीन वाणे महिकोची होती आणि त्यातले जनुक मोन्सँटोचे. सुरुवातीची वर्षे हिरव्या बोंडअळीपासून खरोखरच सुटका झाली, फवारण्या कमी झाल्या, उत्पादन वाढले. हे शेतकऱ्याने स्वतः पाहिले म्हणूनच काही वर्षांत साधी कपाशी शिवारातून गेली. नांदेडच्या संशोधन केंद्राची एनएचएच-44, जिच्यावर एका पिढीने कापूस घेतला, तीही मागे पडली. मग गुलाबी बोंडअळी त्या जनुकाला सरावली आणि 2017च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडे आतून पोखरली गेली. कोणी म्हणेल, अळी सरावणे हा निसर्गनियम आहे, कंपनीचा काय दोष? नियम खरा आहे. पण कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावल्या तर हा सराव लांबतो, हेही विज्ञानच होते, आणि त्या बिगर-बीटी बियाण्याची छोटी पुडी पिशवीसोबत येऊनही बहुतेक जागी पेरली गेली नाही. ती का पेरायची हे शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन सांगणे हे विकणाऱ्याचे आणि कृषी खात्याचे काम होते.

सोयाबीनचे दुखणे निराळे. त्यात संकराची भानगड नाही, स्वतःच्या शेतातले बी पुढच्या साली चालते. फक्त त्याचे साल पातळ, मळणीत मार बसला किंवा काढणीला पाऊस लागला की कोंब मरतो. 2019च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने बियाण्याचे सोयाबीन भिजले आणि 2020च्या खरिपात त्याचा हिशेब निघाला. मराठवाड्यातून न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या, खासगी कंपन्यांच्या आल्या तशा सरकारी महाबीजच्याही आल्या, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. 1966चा बियाणे कायदा झाला तेव्हा त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला होता जास्तीत जास्त 500 रुपये. एवढ्यात सोयाबीनची एक पिशवीसुद्धा येत नाही. शेतकरी हा ग्राहक आहे आणि सदोष बियाण्याची भरपाई तो ग्राहक मंचाकडे मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केले, म्हणून निदान एक दार उघडे राहिले. त्या दारापर्यंत जाताना पिशवी, टॅग, पावती आणि त्याच पिशवीतले मूठभर बी जवळ असावे लागते. पेरणीच्या घाईत पिशवी बांधावर उडून जाते आणि पावती, उधारीचा माल असेल तर, मिळतच नाही.

म्हणून आजच्या कार्यक्रमांसाठी आमचे म्हणणे असे. बारवाल्यांचे नाव हिंगोली जिल्ह्यातल्या शाळांत घेतले जावे, परभणी क्रांतीच्या दोन शास्त्रज्ञांचे त्यांच्या शेजारी, आणि सत्काराच्या यादीत एक-दोन नावे सीड प्लॉटवरची असावीत. बियाणे कंपन्यांनाही सन्मानचिन्हे जरूर द्यावीत. फक्त त्याच व्यासपीठावरून, त्याच माइकवर, तालुक्याच्या तक्रार निवारण समितीची चालू हंगामाची वही वाचून दाखवावी: कोणत्या वाणाच्या, कोणत्या लॉटच्या किती तक्रारी आल्या, किती पंचनामे झाले आणि गेल्या वर्षीच्यांपैकी किती जणांच्या हातात पैसे पडले.