तिसरी पिन

जयपूरला बदली झाली आणि पहिल्याच पावसाळ्यात घरचा संगणक गेला. सर्ज प्रोटेक्टर लावलेला होता, त्याचा दिवाही जळत होता. मग चूक कुठे झाली?

इलेक्ट्रिशियनने टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये धरला, पेटलाच नाही. भाड्याच्या घरात तिसऱ्या पिनेमागे तारच नव्हती. प्रोटेक्टरमधला व्हॅरिस्टर 230 व्होल्टला गप्प असतो. दाब एकाएकी उसळला की जादा ऊर्जा न्यूट्रल आणि अर्थकडे वळवतो. अर्थच नसेल तर माघारीची एक वाटच बंद! म्हणून माझे स्पष्ट मत आहे: आधी अर्थिंग, मग प्रोटेक्टर. इथली जमीन रेताड. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा.

नुसते स्विच असलेली पट्टी म्हणजे सर्ज प्रोटेक्टर नव्हे. खोक्यावर ज्यूलचा आकडा पाहा. एकात दुसरी पट्टी खोचू नका, हीटर लावू नका. व्हॅरिस्टर प्रत्येक घावागणिक झिजतो. संरक्षणाचा दिवा विझला की पट्टी बदला.

आणि तरीही मर्यादा ओळखा. 11 जुलै 2021 रोजी इथेच, आमेर किल्ल्याजवळच्या मनोऱ्यावर वीज पडून 11 जण गेले. त्या ताकदीपुढे पट्टीची काय कथा? ढग दाटू लागले की गडगडाट जवळ येण्याआधीच प्लग काढा, इंटरनेटची केबलसुद्धा. फौजेत आम्ही पहारेकरी नेमतो, पण त्याच्याकडे काडतुसे आहेत का, हे आधी पाहतो.

आज घरी गेल्यावर तुमची तिसरी पिन तपासून घ्याल ना?