‘आरामिल्ल’ म्हणायचं धाडस

मे महिन्याच्या सुट्टीत चोर्ल्याचा घाट उतरून हरमलला मावशीकडे गेलो होतो. संध्याकाळी समुद्रावर बसलं की दूर आकाशात मोपाला उतरणाऱ्या विमानांचे दिवे दिसतात. पेडणे तालुक्यातला हा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला आणि पोरांना विमानं मोजायचा नवा खेळ मिळाला. मोजता मोजता आमच्या धाकट्यानं विचारलं, ‘‘बाबा, चालवणाऱ्याला वरच चक्कर आली तर?’’

प्रश्न पोराचा असला तरी पोरकट नव्हे. प्रवासी विमानात दोन वैमानिक असतात आणि दुसरा म्हणजे काही शिकाऊ नव्हे. विमान एकट्यानं उतरवण्याचं पुरतं शिक्षण त्यालाही मिळालेलं असतं. एकाला दोनदा हाक मारूनही उत्तर आलं नाही, तर त्याला काहीतरी झालंय असं धरायचं आणि दुसऱ्यानं ताबा घ्यायचा, असा दंडकच आहे. मग समोरचा वयानं, हुद्द्यानं कितीही मोठा असो. केबिनमधले कर्मचारी येऊन आजारी वैमानिकाला सीटवर मागे ओढतात, पट्ट्यानं जखडतात, त्याचे हातपाय यंत्रांपासून दूर करतात. प्रवाशांत कोणी डॉक्टर आहे का, ते विचारतात. तोवर दुसरा वैमानिक जवळच्या सोयीच्या विमानतळाकडे वळतो. ऑगस्ट 2023 मध्ये मायामीहून सँटियागोला निघालेल्या विमानाच्या कॅप्टनची तब्येत वाटेत बिघडली. सहकाऱ्यांनी विमान पनामाला उतरवलं. कॅप्टन वाचले नाहीत, पण 271 प्रवासी सुखरूप राहिले.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. 18 जून 1972 रोजी लंडनहून ब्रुसेल्सला निघालेलं विमान उडाल्यावर काही मिनिटांतच स्टेन्स गावाजवळ कोसळलं आणि सगळी 118 माणसं गेली. अनुभवी कॅप्टनचं हृदय आजारी असल्याचं शवविच्छेदनात दिसलं. शेजारी बसलेला वैमानिक नवखा होता. माणूस धाडकन कोसळला तर कुणालाही कळतं. पण तो डोळे उघडे ठेवून नुसताच चुकू लागला, तर मोठ्यांना टोकायचं कोणी? ‘दोनदा विचारा’ हे शिकवणं त्यासाठीच.

स्वयंपाकघराशी संबंध असलेला एक किस्साही ऐका. फेब्रुवारी 1975 मध्ये जपानच्या एका विमानात न्याहारीचं ऑम्लेट खाऊन 196 प्रवासी आजारी पडले. ते करणाऱ्या स्वयंपाक्याच्या बोटाला चिघळलेली जखम होती. वैमानिकांनी सुदैवानं ते खाल्लं नव्हतं. दोन्ही वैमानिकांना वेगवेगळं जेवण द्यायची पद्धत का, ते यावरून कळावं.

आता आपल्या जवळचं. 17 ऑगस्ट 2023 रोजी नागपूर विमानतळावर पुण्याचं विमान घेऊन निघायच्या तयारीत असलेला चाळिशीतला वैमानिक प्रवेशद्वाराशीच कोसळला आणि वाचला नाही. आदल्या दिवशी पहाटेच्या उड्डाणांनंतर त्याला 27 तासांची विश्रांती मिळाली होती. कागदावर सगळं नियमात. दोष कुणाला द्यायचा? पण वैमानिकांच्या थकव्याची चर्चा देशभर झाली. पुढं जानेवारी 2024 मध्ये आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास करणारा नियम निघाला. तो अमलात यायला 2025 साल उजाडलं, आणि त्या डिसेंबरात वैमानिक अपुरे पडल्यानं शेकडो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा प्रवाशांनाही कळलं की विश्रांतीचाही हिशेब असतो.

आपल्या भागातल्या कन्नडमध्ये बरं नसलं की ‘आरामिल्ल’ म्हणतात. मराठी कानाला ते ‘आराम नाही’ असंच ऐकू येतं. किती खरं आहे! आजाराची आणि विसाव्याची गोष्ट एकाच शब्दात. अडचण एवढीच, की आपल्या घरातली कर्ती माणसं हा शब्द तोंडातून काढतच नाहीत.

त्याच मुक्कामात कळलं. पावसाळ्यात एका सकाळी मावसा स्कूटर काढून म्हापशाला निघाले होते. कपाळावर घाम, हात छातीवर. त्यांची सून धारवाडची. तिनं विचारलं, ‘‘मामा, बरं वाटत नाही का?’’ ते म्हणाले, ‘‘म्हाका कांय जावंक ना.’’ ती पुन्हा पुढं आली. घाबरून तोंडून माहेरची भाषा निघाली, ‘‘आरामिल्लेन्री?’’ या खेपेला उत्तरच आलं नाही. तिनं हातातली किल्ली काढून घेतली, शेजारची गाडी बोलावली आणि त्यांना थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं. मावशी सांगते, सासऱ्याच्या हातातली किल्ली घेताना सुनेचे हात थरथरत होते. नंतर चार दिवस मावसा रुसलेही होते म्हणे.

त्या सुनेला विमानातला नियम ठाऊक नव्हता. तिनं केलं मात्र नेमकं तेच. दोनदा विचारलं, उत्तर नाही म्हटल्यावर ताबा घेतला.

तेव्हा वाचकहो, घरातल्या मोठ्यांना दोनदा विचारा. मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा. आणि तुम्हीच घरचे मोठे असाल, तर पहिल्याच खेपेला खरं सांगा. त्यानं मान जात नाही.

निघताना मावसा फाटकापर्यंत आले. ‘‘गाडी कोण चालवतलो?’’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘मीच.’’ त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून पुन्हा विचारलं, ‘‘रात्री झोप झाली मरे?’’