जोडकामाचा दर आम्ही ठरवू : अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वेल्डरांचा जाहीरनामा

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही साखर कारखान्याच्या आवारात जा. गव्हाणीत पडणाऱ्या उसाला भाव आहे. केंद्र सरकार त्याची एफआरपी जाहीर करतं आणि ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तो ऊस तोडणाऱ्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या मजुराचा दर साखर संघ आणि मजूर संघटना यांच्या करारात ठरतो. संघटना आंदोलनात उतरल्या, तेव्हा जानेवारी 2024 मध्ये त्या दरात 34 टक्के वाढ झाली. कारखान्यातल्या कायम कामगाराचा पगार त्रिपक्षीय समितीत ठरतो. आणि बॉयलरच्या नळ्या बदलणारा, रसाच्या पाइपलाइनी जोडणारा, चालत्या रोलरच्या दातांवर आर्किंग करणारा वेल्डर? त्याचा दर ठेकेदार सकाळी गेटवर सांगतो. पटलं तर आत या, नाही तर मागे दुसरा उभाच आहे.

ही चळवळ आम्ही सुरू करतो आहोत ती याच एका गोष्टीसाठी. वेल्डिंगचं काम या जिल्ह्यात आहे. नागापूर एमआयडीसीत आहे, सुप्यात आहे, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगावात आहे, गावोगावच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये आहे. नाही तो ठरलेला, लिहिलेला, सगळ्यांना माहीत असलेला दर. तो नाही, कारण आपण प्रत्येक जण एकटा बोलतो.

एकट्याचं काय होतं ते आपण सगळे जाणतो. आयटीआयचा वर्षाचा कोर्स करून पोरगा बाहेर पडतो, तर त्याला सांगतात, आधी ट्रायल दे. चाचणीचा तुकडा जोडायला तास पुरतो. पण ट्रायल तीन-तीन दिवस चालते, त्या दिवसांत त्यानं जोडलेला माल गाडीत भरून जातो, आणि शेवटी कळतं की सध्या जागा नाही. जागा मिळाली तरी हजेरी हेल्परची आणि काम वेल्डरचं. आठ तासांचे बारा होतात, वरच्या चार तासांचे पैसे साध्या दरानं. 1948 च्या कारखाने अधिनियमापासून जादा कामाचा मोबदला दुप्पट आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमध्येही तो दुप्पटच आहे. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, नेमणूक लेखी, आणि ठेकेदारानं पैसे बुडवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, हेही कायद्यात आहे. मात्र हजेरीचा एक कागदही हातात नसलेल्या माणसानं हे कुणापुढे सिद्ध करायचं?

म्हणून पहिलं काम हजेरीवहीचं. प्रत्येक सभासदाकडे स्वतःची वही असेल. तारीख, ठिकाण, ठेकेदाराचं नाव, आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ, कामाचा प्रकार. रोज संध्याकाळी सोबतच्या दुसऱ्या कामगाराची सही. वही लिहिण्यात एक दिवसही खाडा नको.

दुसरं काम दराचं. गावातल्या शेडमध्ये आज मजुरी किलोवर ठरते. किलोच्या दरात लोखंडाचं वजन मोजलं जातं, हाताची अवघड करामत मोजली जात नाही. जाड अँगलच्या शेडला जास्त मजुरी आणि पातळ पत्र्याच्या, भोक न पाडता जोडायच्या नाजूक कामाला कमी, हा उलटा हिशोब आपणच एकमेकांशी चढाओढ करून रूढ केला. शेजारचा दहा सांगतो म्हणून आपण नऊ सांगतो. आम्ही दर कामाच्या अवघडपणावर लावणार. टेबलावरच्या सपाट जोडाला जो दर, त्याच्या दीडपट उभ्या आणि डोक्यावरच्या जोडाला. तिरक्या, जागेवरून न हलणाऱ्या पाइपचा जोड, ज्याला आपण सिक्स-जी म्हणतो, त्याला दुप्पट. मूळ आकडा तालुक्यातालुक्यांच्या बैठकांत ठरेल, पण कुशल कामगाराच्या किमान वेतनाच्या खाली तो कुठेही जाणार नाही. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं. आपला दरही दर गुढीपाडव्याला जाहीर होईल. त्या सुमारास गाळप संपत आलेलं असतं आणि कारखान्यांची ऑफ-सीझन दुरुस्तीची कामं ठेक्यानं सुटतात. ठेका सुटण्याआधी दर भिंतीवर लागला, तर ठेकेदाराला तो धरूनच टेंडर भरावं लागेल. ठेका गेल्यावर भांडून उपयोग नसतो.

दर मागायचा तर हात दाखवावा लागेल, हे आम्हाला मान्य आहे. आपल्यातही फटीत सळई कोंबून वरून एक पास मारणारे आहेत, स्लॅग न काढता रंग फासणारे आहेत. उसाच्या ट्रॉलीचा हूक असा जोडला आणि तो चढावर तुटला, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव जातो. असं काम करणाऱ्याला ही चळवळ पाठीशी घालणार नाही. सभासद होताना प्रत्येकाची चाचणी आपलेच जुने-जाणते वेल्डर घेतील. प्लेट जोडायची, पट्ट्या कापायच्या, वाकवायच्या. चीर पडली तर सराव करून पुन्हा यायचं, फी नाही. पास झालेल्याला फोटो, तारीख आणि कामाचा प्रकार लिहिलेलं कार्ड. बॉयलरच्या कामाला सरकारच्या बाष्पके संचालनालयाची परीक्षा लागते, तिची तयारीही आपण करून घेऊ. ज्या मालकाला स्वतःची चाचणी घ्यायची आहे त्यानं जरूर घ्यावी. पण एकच तुकडा, तासाभरात, आणि तो तुकडा कुठल्याही मालाला लागता कामा नये.

डोळ्यांबद्दल आणि छातीबद्दल आम्ही तडजोड करणार नाही. आर्क लागून रात्रभर बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून तळमळलेला नाही असा वेल्डर या जिल्ह्यात विरळा. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेनं 2017 मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. हेल्मेट, योग्य नंबरची काच, चामड्याचे हातमोजे आणि धूर ओढणारा पंखा ही मालकानं द्यायची हत्यारं आहेत, ती आपल्या हजेरीतून कापायची नाहीत. मळीच्या किंवा अल्कोहोलच्या टाकीवर, ती रिकामी असली तरी, वायू तपासल्याशिवाय, लेखी परवान्याशिवाय आणि बाहेर एक माणूस उभा असल्याशिवाय कुणीही ठिणगी पाडणार नाही. असं काम नाकारणाऱ्याची त्या दिवसाची हजेरी चळवळीच्या निधीतून मिळेल.

बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या वेल्डरमुळे आपले दर पडले, असं सर्रास बोललं जातं. आम्हाला ते पटत नाही. त्याच्याकडेही वही नाही, त्याचाही दर गेटवरच ठरतो, आणि घर हजार किलोमीटर दूर असल्यानं तो आपल्याहून लवकर वाकतो. त्याला बाहेर ठेवलं तर ठेकेदाराला आपल्याविरुद्ध वापरायला माणूस मिळतो. म्हणून या जिल्ह्यात होल्डर धरणारा प्रत्येक जण सभासद होऊ शकतो. आयटीआयतून शिकून आलेल्या मुलींनाही तेच कार्ड आणि तोच दर.

हे अशक्य आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी नगरच्या मार्केट यार्डात जावं. हमालालाही एक मालक नसतो, तोही आज या गाळ्यावर, उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी चळवळीतून 1969 चा कायदा झाला. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो, आणि मंडळाकडून हमालाला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी मिळते. पाठीवर पोतं वाहणाऱ्यांनी हे पन्नास वर्षांपूर्वी मिळवलं. ठेक्यावरच्या वेल्डरांसाठी तसंच मंडळ व्हावं, ही आमची राज्य सरकारकडे मागणी आहे, आणि ते होईपर्यंत आम्ही ती सोडणार नाही. एकत्र येऊन भाव मिळवणं आपल्याला नवीन नाही. याच जिल्ह्यात, प्रवरानगरला, शेतकऱ्यांनी भाग गोळा करून 1950 मध्ये स्वतःचा साखर कारखाना उभा केला, कारण सुट्या शेतकऱ्याच्या उसाला भाव मिळत नव्हता.

कामगार संघटनेच्या नोंदणीचा अर्ज सात जणांच्या सह्यांनी करता येतो. आम्ही तेवढ्यावर थांबणार नाही, प्रत्येक तालुक्यातून माणसं हवी आहेत. येत्या खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की आपल्या शेडमधल्या, आपल्या शिफ्टमधल्या वेल्डरांना एकत्र बसवा, हा कागद वाचून दाखवा आणि आपल्या तालुक्याचा दर काय असावा ते लिहून ठेवा. संघटनेचं नाव पहिल्या जिल्हा बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवायचं. हजेरीवही मात्र बैठकीची वाट न पाहता उद्या सकाळपासून सुरू करा.