‘यवन’ मुळात ग्रीक

गेल्या अंकातील एका पत्रात ‘यवन म्हणजे पहिल्यापासून मुसलमानच’ असे ठामपणे म्हटले आहे. ते चूक आहे. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या आयोनियन ग्रीकांच्या नावावरून हा शब्द आला. इराणी सम्राट दारयवहूच्या शिलालेखांत तो ‘यौन’ आहे, अशोकाच्या लेखांत ‘योन’. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटाच्या यवनांनी दिलेले खांब आहेत, त्यांवर ब्राह्मीत तसे कोरलेलेच आहे; आणि हे लेख इस्लामच्या उदयाच्या कितीतरी शतके आधीचे! विदिशेजवळ वासुदेवाचा गरुडध्वज उभारणारा हेलिओदोरसही योनदूतच, स्वतःला भागवत म्हणवणारा. अरबी-फारसीत याच नावाचे ‘युनान’ झाले, म्हणून ‘युनानी’ औषध. पुढे इकडे कोणत्याही परक्याला यवन म्हणू लागले आणि मध्ययुगात तो शब्द मुसलमानांना चिकटला. बखरींत तो अर्थ बरोबरच आहे, पण तो कार्ल्याच्या खांबांवर लादला की त्या दात्यांची ओळखच पुसली जाते. आमच्या जुन्नरच्या लेण्यांतही यवन दात्यांचे लेख आहेत. पत्रलेखक इकडे आल्यास मी स्वतः सोबत येऊन दाखवीन.
— एक वाचक, जुन्नर