अबोल गिटार

गिटारची तार छेडली की जो नाद कानी येतो, तो एकट्या तारेचा नसतो. ताणलेली तार स्वतः फारच थोडी हवा हलवते. तिचे कंपन घोडीतून वरच्या पातळ फळीत उतरते आणि ती फळी पेटीतील हवेसह कंप पावू लागली, म्हणजे सारी खोली नादाने भरून जाते. स्पेनमधील प्रख्यात कारागीर आंतोनियो दे तोर्रेस याने हे मर्म ओळखले होते. खरा गुण वरच्या फळीत आहे, हे दाखवण्यासाठी १८६२ साली त्याने चक्क पुठ्ठ्याची पाठ आणि पुठ्ठ्याच्याच बाजू असलेली गिटार घडवली! ती आजही बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयात आहे.

परंतु ज्या पेटीमुळे नाद मोठा होतो, तीच पुष्कळदा अभ्यासाच्या आड येते. घरात कोणी आजारी असले, पाळण्यातले मूल नुकतेच निजले असले, की गिटार कोपऱ्यातच राहते. आगगाडीच्या गर्दीत तर तिला सांभाळताना जीव मेटाकुटीस येतो. याकरिता जपानच्या यामाहा कंपनीने २००१ साली पेटीच नसलेली गिटार बाजारात आणली. मधोमध एक लाकडी दांडा आणि भोवती गिटारच्या आकाराची नुसती चौकट. तिची एक बाजू काढून ठेवता येते. घोडीखालील लहानसे यंत्र नायलॉनच्या तारांच्या कंपनाचे विजेत रूपांतर करते आणि वादकाच्या हेडफोनमध्ये सूर उमटतात. शेजारी बसलेल्यास ऐकू येते ती केवळ कुजबुज.

हे वाद्य नव्हे, खेळणे आहे, असे म्हणून कोणी नाक मुरडतात. ते न्यायाचे नव्हे. नायलॉनची तार तरी कोठे फार जुनी आहे? पूर्वी आतड्यांपासून वळलेली तात लावीत. दुसऱ्या महायुद्धात ती शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागली, तेव्हा न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टिन यांनी नायलॉनच्या तारा तयार केल्या आणि आंद्रेस सेगोव्हियासारख्या थोर वादकाने त्या आपल्या गिटारवर चढवल्या.

पेटी गेली तर खुशाल जावी. तारेची लांबी मात्र घटता कामा नये. मोठ्या गिटारवर ती सुमारे ६५ सेंटिमीटर असते. प्रवासासाठी आखूड केलेल्या गिटारवर पडदे जवळजवळ येतात आणि तेथे वळण लागलेली बोटे मोठ्या गिटारवर चुकू लागतात. अबोल गिटारमध्ये ही लांबी राखलेली असते, हा तिचा सर्वांत मोठा गुण.

तिच्यात उणीव आहे, ती निराळीच. कळ फिरवली की हेडफोनमधल्या सुराला मोठ्या दिवाणखान्याचा घुमारा येतो आणि बोटाचा कच्चा आघात त्यात झाकून जातो. शिवाय ऐकणारा तो एकटाच. स्वयंपाकघरातून आजी, "बाळ, तुझी तिसरी तार उतरली आहे रे," असे सांगू शकत नाही. रात्री अबोल गिटार जरूर वाजवावी. पण दिवसा, दार उघडे ठेवून, पेटीची गिटारही मांडीवर घ्यावी.