आमची मुले फक्त भरतीच्याच रांगेत का?

भडगाव तालुक्यात लष्कर म्हटले की 'भरती' हा एकच शब्द कानी येतो. बारावी होताच पोरे पहाटे रस्त्यावर धावू लागतात, उंची-छाती मोजून घेतात आणि मेळाव्याच्या तारखेची वाट पाहतात. जवान होण्यात कमीपणा मुळीच नाही. आमच्या कित्येक पिढ्या याच वाटेने गावकीच्या जाचातून बाहेर पडल्या. परंतु २०२२ पासून अग्निपथ योजना लागू झाली. आता ही भरती चार वर्षांची आणि त्यानंतर कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. मग अधिकाऱ्यांचे जे दुसरे दार आहे, ते आमच्या मुलांना कोणी दाखवणार आहे की नाही?

लष्कराचे दार आम्हाला कधीच सहज उघडलेले नाही. १८९२ मध्ये इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि गरज संपताच १९२१ मध्ये ती मोडली. बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. याच रेजिमेंटमधून पुढे आलेले जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी देशाचे लष्करप्रमुख झाले. एक आंध्रचे, दुसरे तमिळनाडूचे. पलटणीला आमचे नाव आहे म्हणून तिचे अधिकारी आमच्या वस्तीतून येतील असे नाही. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते.

ती परीक्षा म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, एनडीएची. लोकसेवा आयोग ती वर्षातून दोनदा घेतो. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. येथे राखीव जागा नाहीत. अनुसूचित जाती-जमातींना परीक्षा शुल्क तेवढे माफ आहे. आमच्या पालकांनी नेमके हेच समजून घ्यायला हवे. आमचा हक्क एका पायरीआधी, सैनिक शाळेच्या दारात आहे. सातारची शाळा १९६१ ची, देशातील पहिली. चंद्रपूरची २०१९ ची. तेथे सहावी व नववीला प्रवेश मिळतो आणि अनुसूचित जातींना १५ टक्के जागा राखीव आहेत. सहावीची प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते, नववीची मात्र इंग्रजीतूनच. म्हणजे संविधानाने दिलेला हक्क वापरायचा तर मूल पाचवीत असतानाच जागे व्हावे लागते. बारावीनंतर जागे होणाऱ्याच्या वाट्याला फक्त खुली स्पर्धा उरते.

ती वेळ टळली म्हणून सारे संपले असेही नाही. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून दहावीनंतरच्या मुलांची एनडीएसाठी तयारी करून घेते. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढला की ते शहर येते. तिच्या प्रवेशाची धावपळ दहावीत असतानाच करावी लागते. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२१ मध्ये मुलींना एनडीएची परीक्षा खुली झाली आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. त्यामुळे 'मुलींचे तेथे काय काम' हा प्रश्न आता कोणी विचारू नये.

लेखी परीक्षा ९०० गुणांची. त्यात गणित ३०० आणि इंग्रजी २००. प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते, मराठीत नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्याला भूदलासाठी अर्ज करता येतो, पण गणिताचा पेपर त्यालाही सुटत नाही. दहावीनंतर गणिताला कायमचा रामराम ठोकणारा विद्यार्थी नकळत हे दार स्वतःच लावून घेतो. लेखीनंतर निवड मंडळाची पाच दिवसांची चाचणी, तीही ९०० गुणांची. तेथे गटात बोलणे, निर्णय घेणे, चार जणांना बरोबर घेऊन काम तडीस नेणे हे पाहिले जाते. आमच्या जयंती मंडळातली पोरे वर्गणीपासून मिरवणुकीपर्यंत हेच तर करतात! त्यांना हे कसब चारचौघांत मांडता यावे म्हणून विहारात आठवड्यातून एक दिवस भाषण आणि चर्चा ठेवायला पैसा लागत नाही.

आमच्या शेजारच्या चाळीसगावात १९२९ मध्ये काय घडले ते चळवळीला माहीत आहे. टांगेवाल्यांनी बाबासाहेबांचा टांगा हाकायला नकार दिला. आमच्यातल्याच एकाने मानाने लगाम हाती घेतला. पण त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. हिंमत होती, शिक्षण नव्हते. लगाम हाती घ्यायचा तर तो धरायला आधी शिकावे लागते.

म्हणून मागणीही नेमकी हवी. बार्टीने भरतीपूर्व प्रशिक्षण दिले आहे. तसेच प्रशिक्षण एनडीएसाठीही द्यावे. समाजकल्याणच्या निवासी शाळांत आठवीपासून गणित-इंग्रजीचे जादा वर्ग सुरू करावेत. आणि सरकार हलेपर्यंत आम्ही हातावर हात धरून का बसावे? भडगाव तालुक्यातील शिक्षक, निवृत्त जवान आणि नोकरदार बांधवांनी आपापल्या वस्तीतील पाचवी, आठवी व दहावीच्या मुलामुलींची यादी आजच करावी. भरतीला धावणाऱ्या पोरांच्या पाठीवर थाप जरूर मारावी. त्याच वेळी त्यांच्या धाकट्या भावंडांच्या हाती गणिताचे पुस्तक द्यावे.