फ्रिजच्या नळाचं पाणी

उन्हाळ्यात जुलाब घेऊन येणाऱ्यांना मी आधी विचारतो, पाणी कुठलं पिता? कळंबच्या एका घरातून उत्तर आलं, ‘फ्रिजच्या नळाचं, फिल्टरचं!’ फिल्टर बसवल्यापासून बदललाच नव्हता. धार बारीक झाली की आपण मेकॅनिक बोलावतो, पाण्याला वास आला तर चालवून घेतो. हे उलटं आहे. कार्बनचा फिल्टर क्लोरीन शोषून घेतो, त्यामुळे पुढच्या नळीत साचलेल्या पाण्यात जंतू वाढू शकतात. गोठवल्याने ते सगळे मरत नाहीत. टायफॉइड, कावीळ बर्फातूनही होते. (धार कमी होण्याचं कारणही बहुधा तुंबलेला फिल्टरच.) तो साधारण ६ महिन्यांनी बदला, तोटी आणि बर्फाचा डबा धुवा. नवा फिल्टर बसवल्यावर किंवा गावाहून परतल्यावर सुरुवातीचं पाणी, पहिला बर्फ मोरीत ओता.